स्टोअरमधल्या पुरचुंड्या

स्प्रिंग संपल्या म्हणून माझा धंदा बसला, असं मी वीस-पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलो. ते खोटं आहे. धंदा मी बसवला. कसा बसवला ते आता लिहून ठेवतो. बायको होती तोवर लिहिलं नाही, कारण तिने ते वाचलं असतं. तिला जाऊन आठ महिने झाले. आता वाचणारं कोणी नाही, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.

मी सातवीपर्यंत शिकलेलो. लेथवर टर्नर म्हणून हाताखाली काम केलं, मग ऐंशी सालानंतर कधीतरी एक जुनी लेथ घेतली आणि कोलशेतला भाड्याने गाळा घेतला. राहायला कोपरला, दोन खोल्यांत. पितळी व्हॉल्व्ह बनवायचो. पाण्याच्या पंपाला बसतात ते. पाणी एका बाजूने जातं, उलटं येत नाही. आत एक स्प्रिंग असते, ती त्या झडपेला दाबून धरते. व्हॉल्व्ह म्हटलं तर हातात मावेल एवढा, पण त्यात बारा-चौदा बारक्या वस्तू. वॉशर, रबरी सील, स्पिंडल, ग्लँड, स्क्रू. त्यातली एक नसली तरी व्हॉल्व्ह होत नाही. तेरा वस्तू असल्या आणि चौदावी नसली तर तुमच्याकडे काहीच नाही.

कोलशेत हे बायकोचं माहेर. खाडीवरचं कोळ्यांचं घर. तिच्या आईकडे पावसाळ्याआधी सुकट, जवळा, बोंबील डब्यांत भरून ठेवायचे, कारण होड्या वर ओढल्या की ताजी मासळी नाही. मी लग्नाचा नवीन असताना सासूने मला जवळ्याचा डबा काढायला सांगितला. मी हात घातला तर तळाला कापडाची पुरचुंडी. मी सोडायला लागलो तशी सासू ओरडली, "ती नको सोरू! ती हाय म्हनून डबा हाय." मला काही कळलं नाही. बायको हसत बसली होती. मग तिनेच सांगितलं, प्रत्येक डब्यात थोडं बांधून तळाला ठेवायचं. वरचं संपलं की पुरचुंडी लागते हाताला. त्या दिवशी बाजारात जायचं. पुरचुंडी संपेपर्यंत नवीन माल घरात आलेला असतो. डबा कधी रिकामा होत नाही.

ही तिच्या आईची रीत. आमच्या कोपरच्या घरातही सगळ्या डब्यांत होत्या. तांदूळ, डाळ, मीठ, साखर. मी बघितलेल्या.

गाळ्यात आणायच्या असं मला कधी सुचलं नसतं. ते तिलाच सुचलं. एकदा ती दुपारी डबा घेऊन आली, तर चारही माणसं बाकड्यावर बसलेली, एक जण बिडी ओढतोय. तिने मला विचारलं, "आज काय सुट्टी हाय?"

"वॉशर संपले. माणूस गेलाय आणायला."

"सगला माल हाय आनि वॉशरसाठी मानसं बसवली? संपेपर्यंत तुमी काय करत होता?"

"अगं, संपल्यावरच कळतं ना."

"माज्या डब्यांत नाय असं होत," ती म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन माहेरी चहाला गेली.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या साड्या फाडून घेऊन आली. एका भिंतीला लोखंडी कप्पे होते, प्रत्येकात एक वस्तू. तिने प्रत्येक कप्प्यातला थोडा माल काढला, चौकोनी तुकड्यात बांधला आणि कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला. माणसांना सांगितलं, वरचं सुटं संपलं की पुरचुंडी सोडायची नाही, माझ्याकडे आणायची. ती स्वतः सोडायची, माल कप्प्यात ओतायची आणि रिकामं कापड भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. खिळ्याला कापड म्हणजे माल मागवायचा. नवीन माल आला की कापड खिळ्यावरून निघायचं आणि परत पुरचुंडी बांधली जायची.

मी सकाळी आलो की कागद बघायचो नाही, खिळे बघायचो. हिरवं फुलाफुलांचं कापड म्हणजे सील. पिवळं म्हणजे पितळी स्क्रू. तिच्या लग्नातल्या शालूचा जरीचा तुकडा म्हणजे स्प्रिंग, कारण स्प्रिंग सगळ्यात जास्त त्रास द्यायची. कापड बघायचं, फोन करायचा. सातवी शिकलेल्या माणसाला ते बरं पडत होतं.

आणि सगळ्या पुरचुंड्या सारख्या नव्हत्या, हे महत्त्वाचं. जवळच मिळतं त्याची लहान, यायला वेळ लागतो त्याची मोठी. स्प्रिंगवाला कोकणातला होता. एरवी आठ-दहा दिवसांत माल द्यायचा, पण गणपतीला भट्टी बंद करून सगळ्या कारागिरांना घेऊन गावी जायचा, आणि परत यायची काही खात्री नसायची. कधी पंधरा दिवस, कधी तीन आठवडे. आषाढ संपत आला की बायको शालूचा तो तुकडा सोडायची आणि स्प्रिंगसाठी चांगला अर्धा पदर घ्यायची. "आता ह्याला पोट मोठं पायजे," म्हणायची. दसऱ्यानंतर परत लहान.

असं दहा-बारा वर्षं चाललं. ती रोज कोपरहून माझ्याबरोबर यायची. स्टोअरला एक स्टूल होतं, त्यावर बसायची. पगार नव्हता तिला. कोणी विचारलं तर मी सांगायचो, "घरी बसून काय करणार, येते वेळ घालवायला." ती ऐकायची.

नव्वदीत धंदा वाढला. एकाचे दोन, दोनाचे तीन गाळे झाले, माणसं तीसच्या वर. ठाण्यातली एक मोठी पंपवाली कंपनी आमचे निम्मे व्हॉल्व्ह उचलायला लागली. नव्वदी सरत आलेली तेव्हा त्यांचा खरेदीचा साहेब एकदा गाळा बघायला आला. सगळं बघितलं, खूश झाला. मग स्टोअरपाशी थांबला. खिळ्याला तेव्हा पाच-सहा कापडं लटकत होती.

"हे काय आहे?"

मला लाज वाटली. मी म्हणालो, "फडकी आहेत साहेब, पुसायची."

बायको स्टुलावर बसलेली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि परत हातातलं काम करायला लागली.

साहेब म्हणाला, "आता मोठे झालात तुम्ही. कॉम्प्युटर घ्या. ईआरपी टाका. पुढच्या वर्षापासून आम्ही ज्यांच्याकडे सिस्टीम आहे त्यांनाच मोठी ऑर्डर देणार. आणि चांगल्या कंपनीचं घ्या."

ईआरपी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मी मान डोलावली.

दोन जण दाखवायला आले. एक म्हणजे डोंबिवलीतल्या एक बाई. त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता, रेशनच्या दुकानाच्या वर. गणिताच्या पदवीधर, नवरा बँकेत. दोन-तीन कारखान्यांना त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहून दिलेला. मला कोणीतरी त्यांचं नाव सांगितलं होतं. त्या स्कूटरवरून कोलशेतला आल्या, माझ्याकडे पाच मिनिटं बसल्या आणि विचारलं, "स्टोअर कोण बघतं?"

"ही बघते. म्हणजे, बसते तिथे."

बाई उठल्या आणि स्टोअरमध्ये गेल्या. मला वाटलं, दहा मिनिटांत येतील. दोन तास आल्या नाहीत. जाऊन बघितलं तर बाई जमिनीवर बसलेल्या, साडीचा पदर खोचून, आणि बायको एकेक पुरचुंडी काढून त्यांच्यासमोर ठेवतेय.

"आणि हिची का एवढी मोठी, वहिनी?"

"हा रबरवाला लबाड हाय. हो बोलतो नि आठवडाभर तोंड दाखवत नाय."

"आणि ही?"

"ही बाजूच्या गल्लीत मिलते. ही नुसती नावाला."

बाई सगळं शंभर पानी वहीत लिहून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. तिसऱ्या आठवड्यात फ्लॉपीत प्रोग्राम घालून आणला आणि त्यांचाच एक जुना कॉम्प्युटर आमच्या टेबलावर मांडला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. दिसायला काही नाही. एक वस्तू काढली की तिच्यापुढे किती आहे, किती दिवसांत येते, आणि शेवटी एक रकाना. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. बाईंनी बायकोला विचारलं, "वाचता येतंय?"

बायको चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला दुकानाच्या पाट्यांपुरती यायची. तिने एकेक अक्षर बोट लावून वाचलं आणि एकदम तोंडावर पदर धरून हसायला लागली. पुरचुंडी लिहिलेलं होतं तिथे.

"अहो, बगा तरी! टीव्हीत पुरचुंडी!"

बाई म्हणाल्या, "प्रत्येक वस्तूचा आकडा वेगळा आहे, वहिनींनी सांगितला तसा. आणि महिन्याप्रमाणे बदलता येतो. श्रावणात स्प्रिंगचा आपोआप वाढतो. सुट्या मालाचा आकडा संपला की तो इकडे लाल होईल. खिळ्यासारखा."

बायको त्या दिवशी घरी जाताना रस्ताभर बोलत होती. एवढं बोलताना मी तिला लग्नानंतर बघितलं नव्हतं.

दुसरा आला तो मोठ्या कंपनीचा माणूस. टाय लावलेला, बॅगेत रंगीत पुस्तकं. तो स्टोअरमध्ये गेलाच नाही. माझ्या केबिनमध्ये बसला, त्याचा कॉम्प्युटर चार रंगांचा, त्यात तक्ते, गोल, पट्ट्या. मला अंकल म्हणायचा.

"अंकल, खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन, विक्री, सगळं एकमेकांत जोडलेलं आहे. इथे एक आकडा टाकला की चार ठिकाणी आपोआप जातो."

चुकीचा आकडा टाकला तर तोही चार ठिकाणी जाईल, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी त्या गोलाकडे बघत होतो. माझ्या धंद्याचा असा रंगीत गोल मी कधी बघितला नव्हता.

आता निवडायचं होतं. मी खरं सांगतो, मी फार विचार केला असं नाही. बाईंच्या बाजूने एक गोष्ट मला भीतीची वाटत होती, की त्या एकट्या. उद्या आजारी पडल्या, नवऱ्याची बदली झाली, तर कोणाला विचारणार? हे कारण मी सगळ्यांना दिलं आणि ते काही खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नाही. पंपवाल्या साहेबाचा फोन आला होता. "कोणाचं घेताय?" मी त्या मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं. तोंडातून तेच निघालं. डोंबिवलीच्या क्लासवाल्या बाईंचं घेतोय, त्यात पुरचुंडीचा रकाना आहे, हे मला त्या साहेबाला सांगता आलं नसतं. एकदा फडकी म्हणालो होतो ना मी. आता ती पुरचुंडी आहे असं कसं म्हणणार?

बायकोला विचारलं नाही. बाईंना स्वतः सांगायचीही माझ्यात हिंमत नव्हती. बायकोलाच म्हणालो, "जाऊन त्यांची फ्लॉपी देऊन ये, कॉम्प्युटर मी टेम्पोने पाठवतो. आणि सांग, आपल्याला जमणार नाही."

"मी सांगू?"

"तुझीच मैत्रीण आहे ना ती."

ती गेली. परत आली तर हातात ती शंभर पानी वही. बाईंनी सांगितलं होतं, ही तुमचीच आहे वहिनी, ठेवा. तिने ती स्टुलाखाली ठेवली.

पाडव्याला नवीन सिस्टीम चालू करायची ठरली. त्याआधी सगळा माल मोजायचा. टायवाला पहिल्यांदाच स्टोअरमध्ये आला आणि पुरचुंड्या बघून म्हणाला, "अंकल, हे काय बांधून ठेवलंय? हे सगळं सोडायला लागेल. सिस्टीमला असा लपवलेला माल चालत नाही. जे आहे ते एकत्र मोजा. मिनिमम लेव्हल मी टाकतो ना. सध्या सगळ्याला सारखी टाकू, दहा दिवसांची. मग हळूहळू तुम्ही बदला."

बायको मागून म्हणाली, "स्प्रिंगला गनपतीत दहा दिवस नाय पुरत."

टायवाला हसला. वाईट हसला असं नाही, पण हसला. मला ते लागलं. तो परका माणूस माझ्या बायकोला हसला म्हणून मला त्याचा राग यायला हवा होता. मला तिचा आला.

"तू गप बस. यातलं काही कळत नाही तुला."

तीस माणसांसमोर.

मग जमिनीवर बसून तिने एकेक कप्पा ओढला आणि पुरचुंड्या सोडायला लागली. व्हॉल्व्हचे आकार वाढले तसे कप्पेही वाढून सव्वादोनशेच्या आसपास झाले होते. दुसरं कोणी हात लावायला गेलं तर तिने नको म्हटलं. तिची गाठ वेगळी होती, एका टोकाला ओढली की सुटायची, दुसऱ्या टोकाला ओढली की घट्ट व्हायची. लोकांना ते यायचं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती सोडत बसली. माल कप्प्यात ओतायची, कापड मांडीवर घडी करायची. शालूचा तुकडा सोडला तेव्हा मी केबिनच्या काचेतून बघत होतो. तिने तो पण बाकीच्यांसारखाच घडी करून ठेवला. वेगळं काही केलं नाही. सगळी कापडं पिशवीत भरली आणि घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तर ती ओट्यापाशीच उभी.

"येत नाहीस?"

"आता मशीन हाय ना."

मला वाटलं, दोन दिवस राग राहील. ती परत कधी आली नाही. मी पण बोलावलं नाही. स्टुलावर मी एक बी. कॉम. झालेला मुलगा बसवला, तो आकडे टाकायचा. चार महिने सगळं ठीक चाललं. अगदी ठीक. पंपवाला साहेब येऊन रंगीत गोल बघून गेला, ऑर्डर वाढवली. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, "बघ, चालतंय की नाही? उगाच तू." ती ताट वाढायची.

दहा दिवसांचा आकडा बदलायचा राहिला. टायवाला म्हणाला होता हळूहळू बदला. हळूहळू म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बदलायचा तर किती करायचा, हे मला माहीत नव्हतं. ते एकाच माणसाला माहीत होतं.

गणपतीच्या आधी चार दिवस पडद्यावर स्प्रिंगचा आकडा लाल झाला. त्या मुलाने लगेच मला सांगितलं, चूक त्याची नाही. मी स्प्रिंगवाल्याला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मग मी स्वतः गेलो. शटर बंद, कुलपाला हार लावलेला, भट्टी थंड. शेजारी म्हणाला, "कालच गेले सगळे गावाला."

मी तिथेच पायरीवर बसलो. दर वर्षी आषाढात स्प्रिंगसाठी अर्धा पदर जातो, हे मला त्या पायरीवर बसल्यावर आठवलं.

दहा दिवस काम चाललं. मग थांबलं. दुसऱ्या स्प्रिंगवाल्यांकडे फिरलो, एकाने करून दिल्या त्या दाब धरेनात, पंपवाल्यांनी ते व्हॉल्व्ह परत पाठवले. त्यांचं काम आमच्यामुळे अडून राहिलं. तेरा वस्तू कप्प्यात भरून वाहत होत्या आणि तीस माणसं बाकड्यावर बसलेली. साहेबाने फोनवर एवढंच विचारलं, "सिस्टीम आहे ना तुमच्याकडे?"

घरी गेलो. ती जवळा निवडत होती.

मी म्हणालो, "तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"परत सांगायचं."

"तुमी म्हनलात, गप बस."

तिने मान वर केली नाही. रागाने पण म्हणाली नाही. कोणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं.

मी दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला क्लासवाल्या बाईंकडे गेलो. बाई होत्या. आजारी पडल्या नव्हत्या, नवऱ्याची बदली झाली नव्हती. मुलींना शिकवत होत्या. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक शब्द लावून बोलल्या नाहीत.

"प्रोग्राम आहे माझ्याकडे. आठवड्यात लावून देते. पण तुमच्या वस्तू आता बदलल्या असतील, नवीन आल्या असतील. वहिनींना दोन दिवस घेऊन या. माझ्याकडे आकडे नाहीत, आकडे त्यांच्याकडे आहेत."

"वही आहे. तुम्हीच दिलेली."

"मग वही पण आणा. पण वहिनी हव्यात."

गाळ्यात जाऊन स्टुलाखाली बघितलं. वही नव्हती. घरी येऊन बायकोला विचारलं.

"रद्दीत गेली असेल."

"बरं, जाऊ दे. तू चल. बाईंनी बोलावलंय. परत बांधू सगळं."

ती म्हणाली, "मी नाय येत."

मी हात जोडले. खरंच जोडले, लग्नानंतर पहिल्यांदा. म्हणालो, चुकलं माझं. तीस माणसांची पोटं आहेत. तिने ऐकलं. मग म्हणाली, "तुमच्यावर राग नाय माजा. पन मना आता नाय येनार ते. सोडल्या ना मी सगल्या. एकेक करून. आता कशात किती बांधायचं ते हाताला आठवत नाय."

मला तेव्हा वाटलं, ती सूड घेते आहे. बरेच दिवस तसंच वाटत होतं. आता वाटत नाही. मला वाटतं, ती खरं बोलत होती.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. पंपवाले गेले. त्यांच्या मागे अजून दोघे गेले. तीन गाळ्यांचे परत दोन, मग एक. टायवाल्याच्या कंपनीला फोन केला की दर वेळी नवा माणूस यायचा, टाय तसाच. दोन वर्षांत मशिनी विकल्या. मी एक लेथ ठेवली आणि दुसऱ्यांची कामं करून देत राहिलो, डोळे जाईपर्यंत. कॉम्प्युटर कोणी घेईना. बरेच दिवस तो आमच्या बाहेरच्या खोलीत होता, त्यावर ती दुधाची पिशवी ठेवायची.

आमचा मुलगा शिकला, नोकरीला लागला, आता घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघं कोपरलाच राहिलो. भांडलो नाही कधी. तिने मला कधी टोचून बोलून दाखवलं नाही. जेवायला वेळेवर वाढलं, दुखलंखुपलं बघितलं. फक्त ती मला काही आधी सांगायची नाही. गॅस संपला की संपल्यावर सांगायची. छत गळायला लागलं की गळल्यावर. गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखत होतं, ते पण तसंच. डॉक्टर माझ्यावर ओरडला, "इतके महिने काय करत होता?" मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती. मी तिला विचारलं नाही का सांगितलं नाहीस म्हणून. उत्तर मला माहीत होतं.

ती गेल्यावर पाहुणे तेरा दिवस होते. मग मी एकटा. भात मला येतो. रोज डब्यातून वाटी काढायचो. एक दिवस वाटी तळाला घासली. मी हात घातला आणि मागच्या कोपऱ्यात चाचपलं. पुरचुंडी असणार ना, मला माहीत होतं. सासूच्या डब्यात होती, आमच्या डब्यात होती, लग्नापासून होती.

नव्हती.

डबा उजेडात नेऊन बघितला. तळाला चार दाणे. मग डाळीचा उघडला. साखरेचा, मिठाचा, जवळ्याचा. सगळे जमिनीवर मांडून एकेकात हात घातला. एकातही नव्हती. ओट्याखाली फडक्यांची पिशवी होती, तीही ओतली. हिरवं फुलाफुलांचं, पिवळं, आणि तो जरीचा तुकडा, काळा पडलेला, कढई पुसून पुसून. इतकी वर्षं मी त्या फडक्यांना हात पुसत आलो. ओळखलं नाही.

तिने घरच्या कधी सोडल्या? त्याच दिवशी, की नंतर हळूहळू? मला माहीत नाही. मी पंचवीस वर्षांत एकही डबा उघडून बघितला नव्हता.

एक कापड घेऊन मीठ बांधून बघितलं. तिची गाठ मला जमली नाही.

मुलगा दर रविवारी येतो. फोनवरून माल मागवतो, अर्ध्या तासात दारात येतो. परवा मला ओरडला. "बाबा, दोन दिवस तुम्ही नुसती बिस्किटं खाताय? तांदूळ संपत आले की आधी सांगायचं ना मला."

मी म्हणालो, "आधी नाही कळत रे मला. संपल्यावरच कळतं."